‘छान होतं’ : एका इटालियन जेवणाची समीक्षा

(मासिक व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? ठीक आहे.

मागच्या महिन्यात मी इथेच कार्यकारणभावावर बोललो होतो. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, “सर, छान झालं भाषण.” मी विचारलं, “त्यातलं काय पटलं?” ते जरा गडबडले. “तसं नाही, एकूणच छान.” (हशा) हसू नका, ते आजही आले असतील. त्यांच्यावर माझा राग नाही. उलट आजचा विषय मला त्यांनीच दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मीही हुबेहूब तेच केलं, आणि तेही एका इटालियन हॉटेलात.

आयोजकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक हॉटेलातल्या जेवणावर तासभर बोलणार, म्हणजे वय झालं असणार. वय झालंय, पंच्याहत्तरी पार केली आहे. पण विषय माझ्या शास्त्राबाहेरचा नाही. एखादी गोष्ट चांगली किंवा वाईट म्हणण्याचा अधिकार कुणाला, आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न मी पस्तीस वर्षं शिकवला. फक्त उदाहरणं चित्रांची आणि नाटकांची द्यायचो. आज ताटातली देतो.

तर झालं असं. माझ्या वाढदिवसाला मुलगा, सून आणि नात मला पुण्यातल्या एका इटालियन हॉटेलात घेऊन गेले. नाव सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही त्या हॉटेलाबद्दल बोलत बसाल, आणि मला आपल्याबद्दल बोलायचं आहे. जागा देखणी होती. विटांची भिंत, टांगलेले दिवे, तांब्याची भांडी. उजेड इतका कमी की मेन्यू वाचायला नातीनं मोबाइलचा दिवा धरला. मी ‘फेट्टुचिने आल्फ्रेडो’ मागवलं. साडेसहाशेच्या वर किंमत होती. निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस आकडे लक्षात ठेवतो.

बशी आली. पांढऱ्या दाट द्रवात काही पट्ट्या बुडालेल्या. काट्यानं एक पट्टी उचलली तर ती तुटली आणि द्रव तसाच खाली राहिला. तोंडात घातल्यावर आधी मैदा लागला, मग साय, मग मैदा. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी पतंग चिकटवले असतील त्यांना खळ आठवत असेल. मैदा पाण्यात शिजवून करतात ती. त्या खळीत थोडं लोणी आणि मिरपूड घाला. मी खात होतो ते साधारण असं होतं.

मी सगळं संपवलं. पान टाकायचं नाही, हा संस्कार. जेवण आटोपल्यावर काळा शर्ट घातलेला एक तरतरीत मुलगा आला आणि अदबीनं विचारलं, “सर, कसं होतं?” आणि मी, सौंदर्यशास्त्रावर प्रबंध लिहिलेला माणूस, म्हणालो, “छान होतं.”

गाडीत बसल्यावर नात म्हणाली, “आबा, तुम्ही खाताना तोंड वाकडं करत होता. मग त्याला छान का म्हणालात?”

नववीत आहे ती. तिला दिलेलं उत्तर सांगतो आणि मग ते कसं चुकीचं होतं तेही सांगतो. मी म्हणालो, “अगं, चव ही ज्याची त्याची असते. मला आवडलं नाही म्हणून ते वाईट होतं असं थोडंच?” ती गप्प बसली. मी मात्र रात्रभर जागा. कारण हेच वाक्य परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं, तर मी त्याला पाचपैकी दोन गुण दिले असते.

आता हे वाक्य नीट तपासू. इमान्युएल कांटनं 1790 साली प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या मीमांसेत नेमका हाच भेद केला आहे. रा. भा. पाटणकरांनी तो मराठीत फार बारकाईनं मांडला आहे, जिज्ञासूंनी तिकडे जावं. कांटचं म्हणणं थोडक्यात असं: एक असतं सुखद आणि एक असतं सुंदर. सुखदाबद्दल बोलताना ‘मला’ हा शब्द गृहीत असतो. त्याचं उदाहरण दारूचं आहे. कॅनरी बेटांवरची मदिरा सुखद आहे असं कुणी म्हटलं आणि दुसऱ्यानं त्याला दुरुस्त केलं की बाबा, ‘मला सुखद आहे’ असं म्हण, तर पहिला ते सहज मान्य करतो. भांडत नाही. पण एखादी वास्तू सुंदर आहे असं म्हणताना आपण सगळ्यांच्या वतीनं बोलतो, दुसऱ्यानंही ते मान्य करावं अशी मागणी करतो. कांटनं खाणंपिणं पहिल्या कप्प्यात टाकलं. म्हणजे माझ्या त्या वाक्यामागे खुद्द कांट उभा होता.

गंमत अशी की हा माणूस एकट्यानं जेवायला नाखूश असायचा. पानावर पाहुणे हवेतच, आणि किती, तर ग्रीक पुराणातल्या तीन देवतांपेक्षा कमी नकोत आणि नऊ कलादेवींपेक्षा जास्त नकोत, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. जेवण ही जर पूर्णपणे ज्याची त्याची बाब असती, तर माणसं कशाला जमवली असती? पानावर बसलेली माणसं ‘आज आमटी जरा आंबट झाली’ म्हणतात तेव्हा ती स्वतःच्या जिभेचं आत्मवृत्त सांगत नसतात. ती आमटीबद्दल बोलत असतात. समोरचा म्हणतो, “नाही हो, बेताची आहे.” वाद होतो. ज्याची त्याची बाब असती तर वाद झालाच नसता.

कांटच्या आधी तेहेतीस वर्षं, 1757 साली, डेव्हिड ह्यूमनं अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं ‘दोन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. माझ्या भाषेत सांगतो. दोघा जाणकारांना एका पिंपातली मदिरा चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण थोडी चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण थोडी लोखंडाची चव येते. गावानं दोघांना हसून घेतलं. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक किल्ली सापडली. चामड्याच्या वादीला बांधलेली.

ह्यूम म्हणतो त्याचा अर्थ असा, की चव जिभेवर कळते हे खरं, पण ती ज्यामुळे लागते ते पिंपात असतं. म्हणून समीक्षकाचं काम नुसतं नाक मुरडण्याचं नाही. त्यानं किल्ली दाखवली पाहिजे.

मग माझ्या बशीतली किल्ली कोणती? मी शोधली. दोन आठवडे वाचन केलं, सुनेच्या स्वयंपाकघरात दोन पातेली करपवली. आणि जे हाती आलं ते सांगतो.

आल्फ्रेडो हे खरंच एका माणसाचं नाव. आल्फ्रेदो दि लेलियो, रोममधला खाणावळवाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या पदार्थात तीनच गोष्टी: ताज्या पास्त्याच्या पट्ट्या, लोणी आणि पार्मिजानो चीज. साय नाही, मैदा तर नाहीच. मग ते दाट कसं होतं? पास्ता ज्या पाण्यात शिजतो त्या पाण्यात पिठाचा अंश उतरतो, आपण भाताची पेज काढतो तसं. त्या गढूळ पाण्याचे दोन चमचे, लोणी आणि किसलेलं चीज गरम पास्त्यावर घालून झपाझप परतलं, की तिन्हींचं मिळून एक तुकतुकीत लेपण तयार होतं आणि पट्टीला चिकटून राहतं. साय त्यात पुढे अमेरिकेत आली. आणि मैद्याचा पांढरा सॉस इटलीतही आहे, पण तो मुख्यतः लझान्यासारख्या भाजायच्या पदार्थांत थरांमध्ये घालतात.

आता हॉटेलात काय होतं? सकाळीच पास्ता उकडून, तेल चोळून थंड करून ठेवतात. ऑर्डर आली की गरम पाण्यात बुचकळायचा आणि आधी करून ठेवलेल्या पांढऱ्या सॉसमध्ये टाकायचा. तेल चोळल्यामुळे सॉस धरत नाही. दोनदा गरम झाल्यामुळे पट्टी तुटते. ताजं गढूळ पाणी हाताशी नाही, म्हणून दाटपणा मैद्याकडून उसना आणायचा. मला काट्यावर जे दिसलं ते हेच: पट्टी तुटली आणि द्रव खाली राहिला. ही माझी किल्ली. ‘मला आवडलं नाही’ याच्या पुढे गेलेलं हे विधान आहे. हे खोडायचं असेल तर तुम्हालाही पातेल्यात डोकवावं लागेल.

आता इथे एक हात वर होईल. “म्हणजे सर, तुमचं म्हणणं ते अस्सल नव्हतं. पण अस्सल म्हणजे काय?” प्रश्न रास्त आहे. माझी तक्रार अस्सलपणाची नाही. शुद्धतेचा आग्रह मला माणसांच्या बाबतीतही पटला नाही, पास्त्याच्या बाबतीत कसा पटेल?

इटलीचा इतिहासच बघा. टोमॅटो तिथला नव्हे. तो अमेरिका खंडातून आला, आपल्याकडे मिरची आली तसा. इटली हे एक राज्य झालं 1861 साली. पेल्लेग्रीनो आर्तुसीचं ‘इटालियन’ म्हणवणारं गाजलेलं पाकपुस्तक आलं त्यानंतर तीस वर्षांनी, 1891 मध्ये. तोवर बोलोन्याचं जेवण होतं, नेपल्सचं होतं, जेनोव्हाचं होतं. ज्या कार्बोनारात साय घातली म्हणून रोमन माणूस आज कपाळाला हात लावतो, तो पदार्थच दुसऱ्या महायुद्धानंतर नावारूपाला आला. परंपरा म्हणतो त्या गोष्टी कधी कधी आपल्या आईच्या वयाच्या असतात.

आणि बदल करून उत्तम झालेले पदार्थही आहेत. गोबी मंचुरियन चीनमध्ये कुणी ओळखणार नाही, पण ते इथलं म्हणून स्वतःच्या पायावर उभं आहे. आपल्या पावभाजीतला पाव कुठला, बटाटा कुठला? पण कुणी फसवल्यासारखं वाटतं का? नाही. कारण पावभाजी स्वतःला दुसरं काही म्हणवत नाही.

इथे माझ्या दुसऱ्या भेटीकडे येतो. हो, मी परत गेलो. एका बशीवरून निकाल देणं हा अन्याय, असं विद्यार्थ्यांना सांगत आलो, म्हणून जाणं भाग होतं. या वेळी नात आणि मी दोघंच. तिनं पेस्तो पास्ता मागवला, मी रिझोतो.

पेस्तो हा जेनोव्हाचा. तिथली कोवळी तुळस, लसूण, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, दोन तऱ्हेचं चीज, ऑलिव्हचं तेल, खडेमीठ. हे सगळं संगमरवरी खलात लाकडी बत्त्यानं कुटायचं. पेस्तो या शब्दाचा अर्थच ‘कुटलेलं, ठेचलेलं’. म्हणजे हा त्यांचा ठेचा. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, की पाट्यावर ठेचलेलं आणि मिक्सरमधून काढलेलं यांत फरक काय. मेन्यूत लिहिलं होतं, ‘पाइन नट्ससह हातानं कुटलेला’. आलं ते फिकट हिरवं, सायीत कालवलेलं, कोथिंबिरीचा वास असलेलं आणि काजू लागणारं. काजू घालू नयेत असं माझं म्हणणं नाही. पाइनचे दाणे परवडत नाहीत, काजू आपल्या कोकणात पिकतात, घाला की. पण मग तसं लिहा. ‘काजू-कोथिंबिरीचा ठेचा पास्त्याबरोबर’ असं लिहिलं असतं, तर मी त्या धाडसाला दाद दिली असती.

रिझोतो सात मिनिटांत आला. हे मी घड्याळ लावून सांगतो. रिझोतोचा तांदूळ आखूड आणि पिठूळ असतो, उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात पिकणारा. तो लोण्यावर परतून, गरम अळणी रस पळीपळीनं घालत, ढवळत शिजवायचा. त्याला सोळा ते अठरा मिनिटं लागतातच. मग आचेवरून उतरवून लोणी आणि चीज घालून घोटायचा. बशीत ओतला की तो सैलसर पसरला पाहिजे. माझ्यासमोर आला तो लांब दाण्याचा, मोकळा शिजलेला, वर साय ओतलेला भात. म्हणजे आपला दूधभात, आणि त्यात दुधाची चूक नव्हती. मला वाटलं, या लोकांनी मुळशीकडचा आंबेमोहोर आणला असता तर? चिकट, सुवासिक. इटालियन नसता झाला, पण रिझोतोच्या जवळ जास्त गेला असता. सोय तेवढी पाहिली, पदार्थाचा विचार केला नाही.

मेन्यू ही माझ्या मते एक संहिता आहे. त्यातला प्रत्येक शब्द एक वचन असतं. आणि समीक्षकाचा पहिला प्रश्न हाच: तू स्वतः जे वचन दिलंस ते पाळलंस का?

आता आपल्याकडच्या विचाराकडे येतो, कारण या बाबतीत तो मला कांटपेक्षा जवळचा वाटतो. भरतमुनींना नाट्यातला रस समजावून सांगायचा होता तेव्हा त्यांनी दृष्टान्त कुठला घेतला? जेवणाचा. नाना व्यंजनं, औषधी, द्रव्यं एकत्र येऊन जशी चव सिद्ध होते, तसा रस. म्हणजे आपल्या सौंदर्यशास्त्राचा मूळ शब्दच स्वयंपाकघरातून आला. कांटनं जेवणाला दाराबाहेर ठेवलं, भरतानं त्याला मखरात बसवलं.

पुढे दहाव्या-अकराव्या शतकात अभिनवगुप्तांनी एक फार व्यवहारी प्रश्न विचारला: रस का होत नाही? त्यांनी सात विघ्नं सांगितली. सातही सांगत नाही, वेळ कमी आहे. तीन माझ्या टेबलावर हजर होती, ती सांगतो.

पहिलं विघ्न, संभावनाविरह. म्हणजे समोर चाललंय ते घडू शकेल यावर विश्वासच न बसणं. ‘हातानं कुटलेला’ वाचायचं आणि आतून मिक्सरचा आवाज ऐकायचा. विश्वास उडाला की जीभ आस्वाद सोडून तपासणीला लागते.

दुसरं, अस्फुटत्व. गोष्ट स्पष्टपणे समोर न येणं. त्या हॉटेलातले चारही सॉस डोळे मिटून चाखले तर ओळखू येऊ नयेत. प्रत्येकात साय, लसणाची पूड आणि सुक्या ओव्यासारखी ती वाटलेली पानं. लाल, पांढरा, गुलाबी, हिरवा, हे रंग आहेत, चवी नव्हेत.

तिसरं, अप्रधानता. जे मुख्य ते मागे पडणं आणि गौण ते पुढे येणं. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इटालियन रीतीत पास्ता हा मुख्य असतो. गव्हाची चव लागली पाहिजे, सॉस त्याला लावलेला. आपल्याकडे तो रश्श्यात बुडवलेला असतो. आपण पास्त्याला भाजीतला बटाटा समजलो. पोळी गव्हाची असूनही आपण तिच्या चवीबद्दल किती बोलतो! ही लोकवन, ही सिहोर, ही खपली. आता ऐका: आपली खपली म्हणजे इटलीत ज्याला ‘फार्रो’ म्हणतात त्याच जातीचा गहू. तोस्काना प्रांतात लोक तो अभिमानानं खातात. आणि पास्त्याचा कठीण गहू म्हणजे आपल्या बन्सीचा भाऊबंद. गव्हाची इतकी जाण असलेली माणसं आपण. तीच माणसं पास्त्याच्या बाबतीत गहू विसरतात आणि सायीला गुण देतात.

कुणाला वाटेल, इटलीत गेलं की सगळं उत्तमच मिळतं. अजिबात नाही. नव्वदच्या दशकात एका परिसंवादाला गेलो होतो, तेव्हा रोमच्या मोठ्या स्टेशनाजवळ एका ठिकाणी जेवलो. मेन्यूवर पाच भाषा आणि प्रत्येक पदार्थाचा फोटो. पास्ता लगदा झालेला, वर थंड टोमॅटो. तिथल्या वाढप्यानं तर कसं होतं हे विचारलंही नाही. त्याला माहीत होतं, हा माणूस परत येणार नाही. त्याच्या लेखी मी गिऱ्हाईक नव्हतो, प्रवासी होतो. तेव्हा भूगोलानं जेवण चांगलं होत नाही. परत येणारा, बोलणारा, ओळखणारा खाणारा असला तर होतं.

आणि यातूनच मी तिसऱ्या भेटीला तयार झालो. या वेळी ठरवून गेलो होतो की खरं बोलायचं. दुपारची वेळ, हॉटेल रिकामं. तोच मुलगा आला. “कसं होतं सर?” मी म्हणालो, “बाळा, रागावू नकोस. पास्ता जास्त शिजलाय, आणि सॉसला मैद्याची चव येते.” त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता मॅनेजर येणार. आला तो स्वयंपाकी. तिशीतला, डोक्याला रुमाल, हात पुसत. उत्तराखंडचा. त्यानं हिंदीत जे सांगितलं ते मराठीत सांगतो.

तो म्हणाला, “सर, तुम्ही म्हणता तसं मला येतं. दोन वर्षं एका मोठ्या हॉटेलात इटालियन उस्तादाच्या हाताखाली होतो. इथे आलो तेव्हा पहिला महिना तसंच केलं. दिवसाला सात-आठ बश्या परत यायच्या. पास्ता कच्चा आहे म्हणून. सॉस कमी आहे म्हणून. चीज जास्त घाला, तिखट घाला, सॉसची वाटी वेगळी द्या. मालक म्हणाले, परत येणारी बशी तुझ्या पगारातून जाईल. मग मी शिकलो. आता एकही बशी परत येत नाही.”

(काही क्षण शांतता)

मंडळी, मी तिथे खटला चालवायला गेलो होतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभा राहिलो. त्याचं सगळं मी माफ करत नाही. मेन्यूतली खोटी वचनं ही मालकाची लबाडी आहे, तिला मी लबाडीच म्हणेन. पण तो लगदा? तो आपण मागितला. इटालियनमध्ये ‘आल देन्ते’ म्हणतात, म्हणजे दाताला जाणवेल असा. आपण त्याला कच्चा म्हटलं. आणि ज्यांना लगदा आवडला नाही, ते माझ्यासारखे काय म्हणाले? ‘छान होतं.’ म्हणजे त्या स्वयंपाक्याच्या कानावर दोनच गोष्टी पडल्या. चांगलं केलं तर तक्रार, वाईट केलं तर ‘छान’. त्यानं दुसरं काय शिकावं?

अभिनवगुप्तांचा सहृदय आपण नेहमी प्रेक्षागृहात शोधतो. कवीला सहृदय हवा असतो, हे पाठ झालंय आपल्याला. भटारखान्यात उभ्या असलेल्या माणसालाही तो हवा असतो, हे मला पंच्याहत्तरीत एका उत्तराखंडच्या मुलानं शिकवलं.

मी त्याला म्हणालो, “तुला खायचा झाला तर कसा करशील, तसा कर.” त्यानं वीस मिनिटं घेतली. लसूण, तेल, सुकी मिरची, पास्ता. एवढंच. लसूण एका बाजूनं जरा करपला होता आणि मीठ कणभर जास्त होतं. मी त्याला दोन्ही सांगितलं. तो हसला. म्हणाला, “सवय गेली सर.” त्या हॉटेलात तीन भेटींत मी खाल्लेला तो पहिला पदार्थ, ज्याच्याविषयी मला काही बोलता आलं.

आता एक खासगी गोष्ट सांगतो आणि संपवतो. सांगावी की नाही असं दोन दिवस चाललं होतं.

माझी पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. चाळीस वर्षं तिनं मला जेवू घातलं. रोज विचारायची, “मीठ बरोबर आहे ना? आज चिंच बदलली, लागतंय का?” मी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचो, “छान आहे.” विद्यार्थ्यांच्या निबंधात स्वल्पविराम चुकला तर लाल शाईनं खूण करणारा मी, आणि घरात हा शेरा. एकदा ती म्हणाली, “तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही. तुम्हाला पाणी वाढलं तरी छान म्हणाल.” मी हसलो. मला ते कौतुक वाटलं. वाटलं, बघा, मी किती कमी त्रास देणारा नवरा आहे.

त्या हॉटेलातून परतल्यावर माझ्या नातीनं विचारलं, “आबा, आजीची आमटी कशी असायची? मला नीट आठवत नाही.” आणि मला सांगता येईना. आंबट होती का? गूळ किती घालायची? गोडा मसाला घरचा होता एवढं माहीत, पण चव? मी बसून राहिलो. चाळीस वर्षांच्या आमटीवर माझ्याकडे एकच शब्द शिल्लक होता, आणि तो शब्द कुठल्याही आमटीला लागू पडतो. ज्याचा निवाडा आपण करत नाही त्याची चवही आपण घेत नाही, हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं असं नाही. पण कळायला इतका उशीर लागला याचं वाईट वाटतं. ती विचारायची तेव्हा तिला प्रमाणपत्र नको होतं. तिला सोबत हवी होती.

तेव्हा समीक्षा म्हणजे दोष काढणं, हे मनातून काढून टाका. समीक्षा म्हणजे लक्ष देणं, आणि दिलेलं लक्ष शब्दांत परत करणं. पुढच्या वेळी हॉटेलात, घरात, कुणी विचारलं ‘कसं झालंय?’ तर एक तरी नेमकी गोष्ट सांगा. चांगली किंवा वाईट. ‘लसूण थोडा आधी काढायला हवा होता.’ ‘भात आज मोकळा झालाय, असाच करत जा.’ सौम्यपणे सांगा, पण सांगा. आणि स्वतः पातेल्याशी उभे राहत नसाल तर आवाज आणखी खाली ठेवा.

एक चिठ्ठी आली आहे. “हॉटेलात परत जाणार का?” हो. येत्या रविवारी नातीला घेऊन. मेन्यूतला ‘हातानं कुटलेला’ हा शब्द काढा, असं मालकांना लेखी दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. स्वयंपाक्याला मात्र निरोप पाठवलाय, लसूण करपवू नकोस.

बाहेर चहा तयार आहे असं आयोजक खुणावतायत. चहा ज्यांनी केलाय ते दाराशीच उभे असतात. प्यायल्यावर त्यांना नीट सांगा, कसा झालाय ते. आणि जिन्यात मी भेटलो तर मलाही.